आधी तपासणी, मग निसर्गोपचार

जानेवारी १९८९मध्ये ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात गडचिरोली जिल्ह्यातल्या वसा आणि अमिर्झा या दोन खेड्यांवरचा एक लेख छापून आला. डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली होती. त्यात लग्न झालेल्या होत्या, न झालेल्या होत्या, तक्रार असलेल्या होत्या आणि ‘मला काही नाही’ म्हणणाऱ्याही होत्या. ५५ टक्के स्त्रियांनी काही ना काही त्रास सांगितला. तपासणीत मात्र ९२ टक्के स्त्रियांना एक किंवा अधिक स्त्रीरोग आढळले आणि सरासरी काढली तर एकेकीच्या वाट्याला साडेतीनहून अधिक रोग येत होते. यातले निम्मे आजार जननमार्गाच्या जंतुसंसर्गाचे होते. याआधी अशी तपासणी झालेल्या बायका होत्या फक्त ८ टक्के. त्या काळात सरकारी भाषेत स्त्रीचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया, एवढंच होतं. या दोन प्रसंगांच्या मध्ये बाईचं सगळं आयुष्य पसरलेलं असतं आणि त्या आयुष्यात ती आजारी असते, हे या आकड्यांनी जगासमोर मांडलं. पुढे १९९४मध्ये कैरोच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या परिषदेत प्रजनन-आरोग्याची व्यापक कल्पना स्वीकारली गेली. तिच्या मागे जे पुरावे उभे होते, त्यांत गडचिरोलीचा हा अभ्यास महत्त्वाचा मानला जातो.

आज ‘समग्र स्त्री-आरोग्य’ हे शब्द सगळ्यात जास्त ऐकू येतात ते निसर्गोपचाराच्या दवाखान्यांत. पाळीच्या तक्रारी, अंगावरून पांढरं जाणं, वंध्यत्व, पाळी जातानाचे त्रास, या सगळ्यांवर आहार, उपवास, जलोपचार, मातीचे लेप आणि योगासनं सांगितली जातात. बाईकडे केवळ गर्भाशय म्हणून न पाहता पूर्ण माणूस म्हणून पाहू, अशी त्यांची भूमिका असते. भूमिका चांगली आहे. पण पूर्ण माणूस पाहायचा तर आधी पाहावं लागतं, म्हणजे विचारावं लागतं, तपासावं लागतं, रक्त काढावं लागतं आणि आपल्या हाताबाहेरचं काय आहे ते ओळखून वेळेत पुढे पाठवावं लागतं. माझं म्हणणं एवढंच आहे की स्त्रियांवर उपचार करू पाहणाऱ्या निसर्गोपचारकाचं शिक्षण या कसोटीवर तोलावं. त्याची पद्धत कोणती, हा प्रश्न नंतरचा. आणि ही कसोटी कुठे लावायची असेल तर ती चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात लावावी, कारण चुकीची किंमत तिथे लगेच मोजावी लागते.

निसर्गोपचार महाराष्ट्राला परका नाही. लुई कूने आणि ॲडॉल्फ युस्ट या जर्मन उपचारकांची पुस्तकं वाचून गांधीजी या वाटेला लागले. पुण्यात डॉ. दिनशा मेहता यांच्या निसर्गोपचार केंद्रात ते राहत असत आणि त्याच जागी आज राष्ट्रीय निसर्गोपचार संस्था आहे. मार्च १९४६मध्ये त्यांनी उरुळीकांचनला खेड्यातल्या गरिबांसाठी निसर्गोपचार सुरू केला आणि तो आश्रम पुढे मणिभाई देसाईंनी वाढवला. हेच गांधीजी जानेवारी १९२४मध्ये येरवड्याच्या तुरुंगात असताना पोटदुखीने आजारी पडले. ॲपेंडिक्सचं निदान झालं आणि पुण्याच्या ससून रुग्णालयात कर्नल मॅडॉक यांनी केलेली शस्त्रक्रिया त्यांनी करून घेतली. निसर्गोपचारावरची त्यांची श्रद्धा त्यानंतरही कमी झाली नाही. निदान पक्कं असेल तर श्रद्धावान माणूसही शस्त्रक्रियेला संमती देतो आणि त्यात त्याच्या तत्त्वाला बाध येत नाही, हे आजच्या निसर्गोपचारकांनी लक्षात ठेवण्याजोगं आहे.

या शास्त्राचं शिक्षण आता बरंच बांधेसूद झालं आहे. निसर्गोपचार आणि योगशास्त्राची पदवी, म्हणजे बीएनवायएस, हा साडेपाच वर्षांचा अभ्यासक्रम आहे. साडेचार वर्षं शिक्षण आणि एक वर्ष आंतरवासिता. कर्नाटकातल्या उजिरे इथल्या महाविद्यालयात तो १९८९पासून चालू आहे. शरीररचना, शरीरक्रिया, विकृतिशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, सामाजिक वैद्यक, स्त्रीरोग व प्रसूतिशास्त्र हे विषय त्यात आहेत आणि त्यांच्या जोडीला उपवास, आहार, जलचिकित्सा, मर्दन, योग. कागदावर यात खोट काढण्यासारखं फार नाही. अडचण दोन ठिकाणी आहे. पहिली अडचण कायद्याची. २०२०च्या राष्ट्रीय भारतीय वैद्यक पद्धती आयोगाच्या कायद्यात आयुर्वेद, युनानी, सिद्ध आणि सोवा-रिग्पा आहेत, योग-निसर्गोपचार नाही. त्यामुळे साडेपाच वर्षं शिकलेली डॉक्टर आणि टपालाने पदविका मिळवलेला उपचारक यांच्या पाट्या शेजारी-शेजारी लागल्या, तर सामान्य बाईला फरक कळायला मार्ग नाही. दुसरी अडचण सरावाची. स्त्रीरोग हा विषय पुस्तकातून शिकणं वेगळं आणि शेकडो बायकांची तपासणी करून हात तयार होणं वेगळं. आंतरवासितेचं वर्ष स्नानगृहं आणि मालिशकक्ष असलेल्या रुग्णालयातच गेलं, तर तो हात कुठून येणार?

निसर्गोपचाराला स्वतःचं भक्कम क्षेत्र आहे, हे आधी मोकळेपणाने मान्य करायला हवं. बीजकोशांच्या पीसीओएस या विकारात आहार, व्यायाम आणि वजनावर नियंत्रण हाच उपचाराचा पाया असल्याचं आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिका सांगतात. पाळीतल्या दुखण्याला ओटीपोटावर शेक आणि नियमित व्यायाम यांनी उतार पडतो, हे चाचण्यांतून दिसलं आहे. गरोदरपणातली कंबरदुखी, पाळी जातानाची बेचैनी आणि झोपमोड यांत योगाचा उपयोग होतो. शिवाय असा उपचारक अर्धा-पाऊण तास समोर बसवून ऐकून घेतो. गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात हे सुख क्वचित मिळतं. नागपूरच्या किंवा पुण्याच्या नोकरदार बाईच्या पुष्कळशा तक्रारी या क्षेत्रात बसतात. पण या जंगलपट्ट्यातल्या एटापल्ली, धानोरा, भामरागड किंवा जिवतीतल्या बाईच्या तक्रारींचा मोठा भाग त्याच्या बाहेर पडतो. तिचं दुखणं जंतुसंसर्गाचं आहे, रक्तक्षयाचं आहे, बाळंतपणानंतर लगेच ओझी उचलल्याने अंग बाहेर येण्याचं आहे आणि कित्येकदा ते तिच्या रक्तात जन्मतःच आलेलं आहे.

त्या रक्ताबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं. पूर्व विदर्भातल्या आदिवासी आणि काही दलित व इतर मागास समाजांत सिकलसेल हा आनुवंशिक आजार मोठ्या प्रमाणात आढळतो. आई आणि वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी जन्माला येण्याची शक्यता चारात एक असते. या आजारात तांबड्या पेशी विशिष्ट परिस्थितीत विळ्यासारख्या वाकड्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि सांध्यांत, छातीत, पोटात असह्य वेदना उठतात. ही परिस्थिती ओढवते कशाने? अंगातलं पाणी कमी होण्याने, गारठ्याने, संसर्गाने आणि अतिश्रमाने. आता निसर्गोपचाराची ठळक साधनं पाहा. एक उपवास. दुसरं कूनेंचं कटिस्नान, ज्यात बेंबीपासून मांड्यांपर्यंतचा भाग थंड पाण्याच्या टबात बुडवून दहा-वीस मिनिटं पोट चोळत बसायचं असतं. पुण्यातल्या निरोगी बाईला यातून बरं वाटेल. कोरचीच्या, निदान न झालेल्या सिकलसेलग्रस्त मुलीला हाच उपचार दवाखान्यात भरती व्हायला लावू शकतो. तिच्या पांढुरक्या डोळ्यांकडे पाहून ‘रक्त कमी आहे, गूळ, बीट, पालेभाजी खा’ एवढंच सांगणंही अपुरं आहे. तिच्या पेशी लवकर फुटतात म्हणून रक्त कमी आहे. तिला फॉलिक ॲसिड लागतं, पाणी भरपूर प्यावं लागतं, तापाकडे दुर्लक्ष चालत नाही आणि गरोदरपण जोखमीचं असल्याने रुग्णालयातच न्यावं लागतं. बोटातून घेतलेल्या रक्ताच्या थेंबावर प्राथमिक चाचणी होते, पुढची पक्की तपासणी इलेक्ट्रोफोरेसिसने. या दोन जिल्ह्यांत काम करणाऱ्या निसर्गोपचारकाने सिकलसेलची चाचणी पाहिल्याशिवाय कुणालाही उपवास किंवा थंड स्नान सांगू नये. हा नियम मला कोणत्याही आसनापेक्षा महत्त्वाचा वाटतो.

दुसरं उदाहरण धुपणीचं, म्हणजे अंगावरून पांढरं पाणी जाण्याचं. या भागातल्या बायका ते अंगातल्या उष्णतेचं लक्षण मानतात आणि अशक्तपणाचं मूळही त्यातच शोधतात. थंड पदार्थ, थंड बस्ती, मातीची पट्टी सांगणारा उपचारक त्यांच्या या समजुतीशी सहज जुळतो. पण धुपणी हा एक आजार नव्हे. त्यात निसर्गतः होणारा स्राव असतो, बुरशी असते, ट्रायकोमोनास असतो, जिवाणूंचं बिघडलेलं संतुलन असतं, नवऱ्याकडून आलेला संसर्ग असतो आणि कधी गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोगही असतो. यांतला फरक करायला लागतं काय? एक आडोशाची जागा, चांगला उजेड, निर्जंतुक स्पेक्युलम (योनिमार्ग उघडून पाहण्याचं साधन), आम्लता दाखवणारा कागदाचा तुकडा, काचेच्या पट्टीवर मिठाच्या पाण्यात मिसळलेला स्रावाचा थेंब आणि एक साधा सूक्ष्मदर्शक. बुरशीच्या संसर्गात कागद सहसा नेहमीची आम्लता दाखवतो, जिवाणूंचं संतुलन बिघडलं असेल तर त्यावरचा पीएचचा आकडा साडेचारच्या वर जातो, म्हणजे आम्लता कमी होते, आणि ट्रायकोमोनास असेल तर तो जंतू भिंगाखाली वळवळताना डोळ्यांना दिसतो. गर्भाशयमुखावर सौम्य ॲसिटिक ॲसिड लावून मिनिटभर थांबलं की संशयास्पद जागा पांढरी पडते. हे सगळं मिळून दहा-पंधरा मिनिटांचं काम आहे. ते न करता महिनाभर मातीच्या पट्ट्या ठेवल्या, तर संसर्ग गर्भनलिकांपर्यंत चढतो. मग मूल राहत नाही, किंवा गर्भ नलिकेतच राहून जिवावर बेततं, आणि ‘वांझ’ हा शिक्का बाईच्या कपाळी बसतो.

यावर निसर्गोपचाराच्या बाजूने एक रास्त आक्षेप येईल: आधुनिक वैद्यकाने तरी बायकांचं कुठे ऐकलं? बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार स्त्रियांची गर्भाशयं मोठ्या संख्येने काढली गेल्याचं २०१९मध्ये उघडकीला आलं आणि चौकशीसाठी नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. पोटात दुखतं, पांढरं जातं, म्हणून आलेल्या तरुण बायकांना कर्करोगाची भीती घालून पिशवी काढायला लावल्याच्या तक्रारी होत्या. हा आक्षेप मी पूर्ण मान्य करते. पण बीडमध्ये नेमकं काय चुकलं, ते पाहिलं पाहिजे. स्पेक्युलम, काचपट्टी आणि प्रतिजैविकाचा एक कोर्स जिथे पुरला असता, तिथे थेट शस्त्रक्रिया झाली, म्हणजे तिथेही मधली पायरी गाळली गेली. न तपासता गर्भाशय काढणारा सर्जन आणि न तपासता कटिस्नान सांगणारा निसर्गोपचारक यांनी केलेल्या हानीत फार मोठा फरक आहे, पण दोघांनी टाळलेलं काम एकच आहे.

दुसरा आक्षेप संकोचाचा. खेड्यातल्या, त्यातून आदिवासी बायका असली तपासणी करू देणार नाहीत, म्हणून सौम्य आणि बाहेरून करायचे उपचारच तिथे योग्य, असं म्हटलं जातं. ६५० स्त्रियांचा तो अभ्यास याचं उत्तर आहे. गावाला आधी विश्वासात घेतलं, दायांना सोबत घेतलं, तपासणारी डॉक्टर बाई होती आणि उपचार तिथेच मिळणार होते, तेव्हा बायका आल्या. राणी बंग मूळच्या चंद्रपूरच्या. नागपूरला स्त्रीरोगशास्त्रात एम.डी. केल्यावर त्यांनी अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण घेतलं आणि डॉ. अभय बंग यांच्यासह १९८६मध्ये गडचिरोलीत ‘सर्च’ या संस्थेचं काम सुरू केलं. त्यांनी दायांकडून बायकांच्या शरीराची, आजारांची, भीतीची भाषा शिकून घेतली. ‘सर्च’च्या शोधग्राम या वसाहतीतल्या दवाखान्याला लोकांच्या सांगण्यावरून त्यांच्या देवीचं, माँ दंतेश्वरीचं नाव दिलं गेलं. ‘गोईण’ या पुस्तकात राणीताईंनी इथल्या बायकांचं झाडांशी असलेलं नातं आणि झाडांविषयीचं ज्ञान नोंदवलं, तर ‘कानोसा’मध्ये त्यांच्या आरोग्याच्या कहाण्या. स्थानिक ज्ञानाचा मान राखायचा तो असा, ऐकून आणि नोंदवून. त्या ज्ञानातली प्रत्येक मुळी औषध म्हणून खपवणं म्हणजे तो मान नव्हे. माडिया आणि गोंड गावांतल्या कुर्माघराचंही, म्हणजे पाळीच्या झोपडीचंही तसंच आहे. पाळीतल्या बाईला तिथे कामापासून चार दिवस सुटका मिळते, हे खरं. पण पाणी नाही, दार नाही, सापाविंचवाची भीती आहे आणि रक्तस्राव वाढला तर हाक ऐकणारं कुणी नाही, हेही तितकंच खरं. विश्रांती निसर्गाला धरून आहे म्हणून त्या झोपडीचं समर्थन करणाऱ्याने तिथे पावसाळ्यातली एक रात्र काय असते, याचा विचार करावा.

तिसरा आक्षेप सगळ्यात प्रामाणिक आहे. जिथे स्त्रीरोगतज्ज्ञच नाही, तिथे काहीच नसण्यापेक्षा निसर्गोपचारक बरा नव्हे का? बरा, पण त्याला त्याच्या कामाची सीमा ठाऊक असेल तरच. सीमा आखलेलं छोटं प्रशिक्षण काय करू शकतं, याचे दोन भक्कम पुरावे महाराष्ट्रातलेच आहेत. ‘सर्च’ने गडचिरोलीच्या ३९ गावांत थोडंफार शिकलेल्या गावातल्याच बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं. बाळाचं वजन करणं, श्वास मोजणं, ऊब राखणं, जंतुदोष ओळखून ठरलेलं औषध आणि इंजेक्शन देणं, एवढं त्या शिकल्या. १९९९मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तिसऱ्या वर्षी त्या गावांतले नवजात मृत्यू तुलनेच्या गावांच्या मानाने ६२ टक्क्यांनी कमी झाले. दुसरा पुरावा मुंबईचा. टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी झोपडपट्ट्यांतल्या सुमारे दीड लाख स्त्रियांवर बारा वर्षं चाचणी केली. ॲसिटिक ॲसिडची ती तपासणी दहावीपर्यंत शिकलेल्या, चार आठवडे प्रशिक्षण घेतलेल्या बायकांनी केली आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. दहावी शिकलेली बाई चार आठवड्यांत हे शिकते. मग साडेपाच वर्षं शिकलेल्या निसर्गोपचार पदवीधर डॉक्टरला ते येऊ नये, याला काही कारण नाही. न शिकवणं हा मात्र अभ्यासक्रमाचा दोष ठरेल.

आणि समग्र पाहायचंच असेल, तर या जिल्ह्यांत नजर शरीराबाहेरही जायला हवी. धानाच्या रोवणीत दिवसभर वाकून चिखलात उभं राहणारी, मोहफुलं वेचायला पहाटे रानात जाणारी, मे महिन्याच्या उन्हात तेंदूपानं तोडणारी बाई आडोसा नाही म्हणून पाणीच कमी पिते. तिच्या लघवीच्या जळजळीचं एक कारण तिथे आहे. तंबाखू-सुपारीचा खर्रा चघळणाऱ्या गरोदर बाईच्या बाळाचं वजन कमी भरतं. नवऱ्याच्या दारूने घरातलं धान्य, झोप आणि सुरक्षितता तिन्ही जातात. बायकांनी हे फार आधी ओळखलं होतं. गडचिरोलीत १९९३मध्ये दारूबंदी झाली, ती लोकांच्या, विशेषतः स्त्रियांच्या रेट्यातून. चंद्रपूरच्या बायकांनी वर्षानुवर्षं लढून २०१५मध्ये ती मिळवली आणि २०२१मध्ये सरकारने ती उठवली. दारूबंदीच्या परिणामकारकतेवर वाद घालता येईल. बायकांनी आपल्या आरोग्याच्या यादीत दारू वर ठेवली, यावर वाद नाही. इथे काम करणाऱ्या कोणत्याही पदवीच्या डॉक्टरने केसपेपरवर रक्तदाबासोबत हेही प्रश्न विचारले पाहिजेत: घरात कोण पितं, पाणी किती अंतरावरून आणता, बाळंत झाल्यावर किती दिवसांनी कामाला गेलात.

म्हणून निसर्गोपचाराच्या शिक्षणाबाबत माझी मागणी साधी आहे. आंतरवासितेतले निदान तीन महिने ग्रामीण रुग्णालयात, स्त्रीरोगतज्ज्ञाच्या हाताखाली काढल्याशिवाय कुणालाही स्त्रियांवर उपचाराची परवानगी असू नये. चंद्रपूरला २०१५पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, तेव्हा तिथून हे सुरू करायला अडचण नसावी. सिकलसेल, हिमोग्लोबिन, स्पेक्युलम-तपासणी आणि पुढे पाठवण्याची लेखी चिठ्ठी हे त्या परवानगीचे भाग असावेत आणि केंद्राने या पदवीला नियमनाखाली आणावं. अशी तयार झालेली निसर्गोपचारक भामरागडला किंवा जिवतीला आली, तर तिचं स्वागतच करावं, कारण आहार, विश्रांती, व्यायाम आणि ऐकून घेणारा कान यांची तिथे वाण आहे.

वाचणाऱ्या बायकांनी तोवर एवढं करावं. उपवास, बस्ती किंवा काढा सुरू करण्याआधी समोरच्याला विचारा: माझं हिमोग्लोबिन पाहिलंत का, सिकलसेलची तपासणी झाली आहे का, आणि पांढरं जातंय तर तपासल्याशिवाय औषध कशाचं देता? पाळी गेल्यानंतर पुन्हा रक्त दिसलं, संबंधानंतर रक्त गेलं, तापासह ओटीपोटात दुखलं किंवा पाळी चुकलेली असताना एका बाजूला कळ आली, तर पद्धत कोणतीही असो, त्याच दिवशी रुग्णालय गाठा.